पुढं कोण बसणार

संक्रांतीच्या आधीचा मळमास लागला की ज्ञानोबाच्या भट्टीला काम उरत नाही. लग्नं बंद, म्हणून दागिने बंद, म्हणून जुनं सोनं मोडायलाही कोणी येत नाही. जोहरी बाजाराच्या मागच्या गल्लीत सकाळी धुकं इतकं दाट असतं, की समोरचा कचोरीवाला दिसत नाही, नुसता त्याच्या तेलाचा वास येतो. ज्ञानोबा शटर अर्धं उघडायचा, कानाला मफलर गुंडाळून आत बसायचा आणि जाणाऱ्यायेणाऱ्यांचे पाय बघायचा. अर्ध्या शटरमधून तेवढंच दिसतं.

धंदा गलाईचा. सराफांकडचं मोडीचं सोनं मुशीत वितळवायचं, तेजाबात सोडून त्यातलं तांबं-चांदी वेगळं काढायचं आणि शुद्ध लगड करून परत द्यायची. खानापूर-आटपाडीकडच्या माणसांनी हे काम उचललं आणि देशभर नेलं. तिकडं पाऊस नव्हता, इकडं भट्टी होती. आता असं मोठं शहर सापडायचं नाही, जिथं सराफ बाजाराच्या मागच्या बाजूला एखादा मराठी माणूस चिमटा धरून बसलेला नाही. जयपुरात ज्ञानोबा बसला होता. खाली दुकान, वर एक खोली आणि स्वयंपाकाचा कोपरा. वर बायको जयंती आणि एकुलती एक लेक कस्तुरी.

कस्तुरी बारावीला होती आणि तिचा विषय होता कॉम्प्युटर. घरात हा विषय कोणाला कळत नव्हता, त्यामुळं त्याचा मान मोठा होता. देवाच्या फळीखाली एका टेबलावर जुना कॉम्प्युटर ठेवला होता आणि जयंती रोज देवाची उदबत्ती त्याच्याही भोवती एकदा फिरवायची. कस्तुरी म्हणायची, "मम्मी, मतलब धुराने खराब होतं ना ते." जयंती म्हणायची, "धुरानं देव खराब झाला न्हाई, ह्यो कसा हुईल?"

दिवाळीपासून ज्ञानोबाच्या थोरल्या भावाचे, मुकुंदाचे, कोइमतूरहून फोन येत होते. त्याचं म्हणणं एकच. ज्ञानोबाला पोरगा नाही. मुकुंदाचा निहार हाताशी आलाय, त्याला जयपूरला पाठवून देतो, दुकान तो बघेल. आणि पोरीची बारावी झाली की तिला गावाकडं आणा, स्थळं बघायला लागू. ज्ञानोबा थोरल्या भावापुढं कधी बोललेला नव्हता. तो म्हणायचा, "निकाल तर लागू दे, दादा. मार्क बघू, मग ठरवू." हे बोलणं शटरच्या आत व्हायचं आणि जिन्यावरून वर ऐकू जायचं. कस्तुरीला कळून चुकलं होतं, की तिचं पुढचं शिक्षण बारावीच्या मार्कांना टांगलंय.

मार्कांत प्रॅक्टिकलचे मार्क होते आणि प्रॅक्टिकलला प्रोजेक्ट लागायचा. प्रोजेक्ट नसेल तर परीक्षेला बसू देणार नाही, असं शाळेनं बजावून सांगितलं होतं. वर्गातल्या पोरापोरींनी लायब्ररीचे, हॉटेलचे, मेडिकल दुकानाचे प्रोजेक्ट केले. नावं मनाची, आकडे मनाचे. कस्तुरीनं केलं ते खरं. गलाईवाल्यांची घरं देशात कुठंकुठं आहेत, ते तिनं गोळा करायला घेतलं. जयंतीनं फोनवर बोलायचं, कस्तुरीनं शेजारी बसून टाइप करायचं. नाव, गाव, शहर, या धंद्यात कोणी आणलं, शाळा किती झाली आणि शेवटचा रकाना: पुढं कोण बसणार. हा शेवटचा रकाना जयंतीनं सुचवला होता. ती म्हणाली, "आमच्यात माणूस भेटला की पयलं ह्येच इचारत्यात."

शहर लिहिलं की तिथली सगळी माणसं पडद्यावर यायची. गाव लिहिलं की त्या गावची माणसं कुठंकुठं पांगलीत ते यायचं. जयंतीनं आपल्या माहेरचं गाव टाकायला लावलं आणि पडद्यावर मदुराई, कटक, लुधियाना अशी नावं उतरली तेव्हा ती पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ बघत बसली. तिचं अर्धं माहेर कुठं गेलं, ते तिला तेव्हा कळलं.

संक्रांत जवळ आली आणि जयपूरच्या गच्च्या भरल्या. इथं संक्रांतीला पतंगांचं वेड असतं. तारांवर मांजा अडकतो, त्यातल्या कुठल्या मांज्याला कसली पूड लावलेली असते देव जाणे, पण खांबावर जाळ निघतो आणि गल्लीची वीज उड्या मारते. तशीच एका दुपारी तिनं उडी मारली. दुकानातला बल्ब फुटला आणि वर कॉम्प्युटरनं एक जळका वास सोडून मान टाकली.

कस्तुरी घाबरली नाही. तिनं स्क्रू काढले, आत बघितलं आणि जयंतीला सांगितलं, "पॉवरचा डबा गेलाय. डिस्क ठीक असणार. ती शाळेत दुसऱ्या कॉम्प्युटरला लावते, सगळं निघेल." डिस्क म्हणजे हाताच्या पंज्याएवढी लोखंडी डबी. तिनं ती वर्तमानपत्रात नीट गुंडाळली आणि सकाळी दप्तर घेऊन खाली आली. पण दप्तर पाठीवर चढवताना फोन वाजला. धुक्यामुळं शाळेला सुट्टी. तिनं पुडी तशीच दुकानाच्या बाकावर ठेवली आणि पुन्हा गोधडीत शिरायला वर पळाली.

आता ज्ञानोबाकडं त्याच आठवड्यात एक पोतं आलं होतं. सोनं मिळेना म्हणून एका भंगारवाल्याकडून त्यानं जुन्या कॉम्प्युटरचा माल घेतला होता. कॉम्प्युटरच्या आतल्या हिरव्या पट्ट्यांच्या कडेला सोन्याचा पातळ मुलामा असतो. पट्ट्यांच्या कडा कापायच्या, तेजाबात टाकायच्या, तांबं विरघळतं आणि सोन्याचा पापुद्रा सुटून तरंगायला लागतो. मिळतं थोडंच, पण हात रिकामे राहत नाहीत. पोत्यातल्या बऱ्याच वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या.

बाकावरची पुडी पोत्याच्या तोंडापाशीच होती. ज्ञानोबानं ती उघडली आणि तो खूश झाला. या डबीत लोहचुंबक असतं, हे गलाईवाल्यांना पक्कं ठाऊक असतं. सोनाराच्या कानशीची पूड आली की तिच्यात लोखंडाचा कीस असतो. तो चुंबकानं ओढून काढल्याशिवाय पूड मुशीत टाकता येत नाही. ज्ञानोबाचं जुनं चुंबक पार म्हातारं झालं होतं. त्यानं डबी गुडघ्यात धरली, बारीक पेचकस लावला, झाकण उचकटलं. आतून आरशासारख्या लखलखीत दोन चकत्या निघाल्या आणि त्यांच्या शेजारी पाहिजे ते चुंबक. त्यानं ते उरलेल्या कानशीच्या पुडीवरून फिरवलं. लोखंडाचा कीस टपाटप उडी मारून चिकटला. ज्ञानोबाला या मळमासात पहिल्यांदा बरं वाटलं.

चकत्या त्यानं पॅन्टला पुसल्या आणि वर जाऊन जयंतीच्या हातात दिली एक. "घे. आरसा."

कस्तुरी जागी झाली तेव्हा जयंती मोरीपाशी उभी राहून त्या चकतीत बघत टिकली लावत होती.

"मम्मी, हे काय आहे?"

"पप्पांनी दिलं. बघ की किती लखलखीत हाय. त्वांड बी सरळ दिसतंय."

कस्तुरीनं चकती हातात घेतली. तिच्यात तिला तिचाच चेहरा दिसला, झोपेनं सुजलेला. ती अनवाणी जिना उतरली. बाकावर पुडी नव्हती. वर्तमानपत्राचा चुरगळा पोत्याशेजारी पडला होता आणि रिकामी डबी उताणी होती. तिच्या कडेला कस्तुरीनं मागं कधीतरी नेलपॉलिशचा एक ठिपका दिला होता. तो ठिपका तिला लगेच दिसला.

ज्ञानोबा मान वर न करताच म्हणाला, "ये. बघ, कसं वडतंय. जुनं चुंबक बाद."

ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. ज्ञानोबानं तेव्हा वर बघितलं. लेकीचं तोंड बघितलं आणि मग ती कुठं बघतेय ते बघितलं.

"ही पोत्यातली न्हाई?"

"माझी होती," कस्तुरी म्हणाली.

चुंबक ज्ञानोबाच्या हातात होतं, त्याला लोखंडाचे केस फुटले होते. ते खाली ठेवावं की धरून ठेवावं, त्याला कळेना.

"जोडून देतो. झाकण लावून देतो मी. पेच सगळे हायत माझ्यापाशी."

"नाही होत पप्पा. त्या चकतीवरच सगळं लिहिलेलं होतं. ती उघडली की गेलं."

"सगळं?"

"सगळं."

त्या दिवशी घरात कोणी कोणावर ओरडलं नाही. जयंतीनं भाकरी केल्या, त्या झाकून राहिल्या. ज्ञानोबानं चकती मोरीपाशी बघितली आणि उलटी करून ठेवली. उलट्या बाजूनंही ती तशीच लखलखीत होती. तिच्यात त्याला त्याच्या मफलरचं टोक दिसलं आणि त्याला स्वतःचा इतका राग आला, की तो खाली जाऊन बाकावर बसून राहिला.

कस्तुरी खाली आली, त्याच्या शेजारी बसली. "माझीच गलती आहे. मॅडमनी सांगितलं होतं, की कॉपी काढून दुसरीकडं ठेवा. मी आज ठेवते, उद्या ठेवते केलं."

"तुझी कशी? फोडली मी."

"बाकावर ठेवली मी."

"बाक माझा हाय," ज्ञानोबा म्हणाला. यावर तिला थोडं हसू आलं आणि मग रडू आलं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेजाबानं पिवळी पडलेली बोटं तिच्या केसांत जपून फिरवली, कारण त्या बोटांना केस अडकतात हे त्याला ठाऊक होतं.

धुकं उठलं त्या दिवशी ज्ञानोबा तिच्याबरोबर शाळेत गेला. इस्त्रीचा शर्ट घातला, हात राखेनं घासले, पिवळेपणा गेला नाही तो नाहीच. कॉम्प्युटर लॅबच्या दाराशी पाटी होती, चपला-बूट बाहेर काढा. ज्ञानोबाला हे फार बरं वाटलं. त्याच्याही दुकानात चपला बाहेरच लागतात. सोन्याचा कण कोणाच्या तळव्याला लागून गल्लीत जायला नको. जाताना दारातल्या पायपुसण्यावर पाय झाडायचे आणि ते पायपुसणं वर्षातून एकदा जाळून राखेतलं सोनं काढायचं.

कॉम्प्युटरच्या शेखावत मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. ज्ञानोबाची हिंदी भट्टीवरची होती, पण मोकळी होती. "मैडम, गलती मेरी है. लड़की का इसमें कुछ नहीं."

"वो ठीक है, पर बैकअप तो लेना था ना? बैकअप क्यों नहीं लिया?" मॅडम कस्तुरीकडं बघत म्हणाल्या.

कस्तुरीनं मान खाली घातली. बॅकअप म्हणजे काय, हे ज्ञानोबाला ठाऊक नव्हतं. त्यानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "वो भी मैंने ही नहीं लिया, मैडम."

मॅडमनी त्याच्याकडं बघितलं. मग टेबलावरची कागदं उगाच सारखी केली. बाहेरचे परीक्षक यायला फार दिवस राहिले नव्हते. शाळा सुटल्यावर लॅब उघडी ठेवते, म्हणाल्या, पण मुलगी एकटी नको, घरचं कोणीतरी बसलं पाहिजे. कस्तुरीला त्यांनी विचारलं, "फिर से कर लोगी?"

"प्रोग्राम याद है मैम," कस्तुरी म्हणाली. मग बापाकडं वळून मराठीत म्हणाली, "प्रोग्राम डोक्यात आहे माझ्या. माणसं नाहीत."

"माणसं मी आनतो," ज्ञानोबा म्हणाला.

दुपार झाली की ज्ञानोबा भट्टी झाकायचा आणि शाळेत जायचा. चपला दारात, मफलर गळ्यात, आणि लॅबमधल्या एका गोल फिरत्या खुर्चीवर तो अंग चोरून बसायचा. खुर्ची फिरते म्हणून त्यानं पहिल्या दिवशी दोन्ही पाय जमिनीला घट्ट रोवून धरले होते. कस्तुरी शेजारी टाइप करायची आणि तो फोन लावायचा. जयंती फोनवर आधी पाहुणचार करायची, पोराबाळांचं विचारायची. ज्ञानोबाला तो वेळ नव्हता.

"राम राम. जयपूरनं ज्ञानोबा बोलतोय. मागं आमच्या मंडळींनी माहिती घितली होती बगा, ती पुन्हा सांगा... का म्हंजे? गेली सगळी... न्हाई, चोरी न्हाई. मीच फोडली. चुंबकासाठी."

पलीकडं हसू फुटायचं. कटकच्या माणसानं तर दुकानातल्या सगळ्यांना बोलावून पुन्हा सांगायला लावलं. ज्ञानोबानं पुन्हा सांगितलं. लुधियानाच्या माणसानं विचारलं, की चुंबक तरी चांगलं निघालं का? ज्ञानोबा खरं तेच म्हणाला, "लई चांगलं निघालं." दर फोनला त्याला हे सांगावं लागायचं आणि दर फोनला कानाच्या पाळ्या तापायच्या. कस्तुरी म्हणाली, "पप्पा, सांगू नका ना ते. नुसतं म्हणा, खराब झालं."

"न्हाई. तू खराब केलंस असं वाटंल त्येंला."

माणसं मोठी बोलकी निघाली. पुढं कोण बसणार, या प्रश्नाला तर कोणी सरळ उत्तर देईना. धाकट्याच्या मनात आहे, पण त्याची आई नको म्हणते, थोरला पुण्यात नोकरीला आहे, त्याला सुट्टी मिळत नाही, असं चालायचं. कस्तुरीनं त्या रकान्याला तीसच अक्षरं ठेवली होती आणि तीही इंग्रजी अक्षरं. ज्ञानोबा फोनवर म्हणायचा, "थोडक्यात. थोडक्यात सांगा. एवढं बसत न्हाई."

काही जण म्हणायचे, तेवढं सोडा मोकळं. पण कस्तुरीनं प्रोग्रामला सांगून ठेवलं होतं, की हा रकाना मोकळा घ्यायचा नाही. मोकळा ठेवला की मशीन लाल अक्षरांत चिडायचं. ज्ञानोबाला हे फार आवडलं. "मोकळं चालत न्हाई," तो दरडावायचा. "मशीन घेत न्हाई. काय ती एक गोष्ट सांगा."

आणि एकजण म्हणाला, "बघू."

"बघू बी चालत न्हाई," ज्ञानोबा म्हणाला.

कस्तुरीचे हात कळफलकावर थांबले. तिनं बापाकडं बघितलं नाही, पण थांबले खरे.

कोइमतूरचा फोन ज्ञानोबानं शेवटासाठी राखला होता. मुकुंदानं सगळं ऐकलं. हसला नाही. "आता तरी कळलं का तुला? देवानंच दाखवलं. पोरीच्या नशिबात न्हाई ती इद्या."

ज्ञानोबानं फोन कानाला घट्ट दाबला, पण लॅब रिकामी होती आणि मुकुंदाचा आवाज भट्टीवरचा होता. कस्तुरीला सगळं ऐकू गेलं.

"दादा, पुढं कोण बसनार, त्येवडं सांग."

"माझा निहार. आन तुझ्या जयपूरच्या दुकानात बी त्योच. लिही दोन्हीकडं."

"जयपूरचं इचारलं न्हाई मी," ज्ञानोबा म्हणाला. "कोइमतूरचं लिवलं. ठेवतो."

थोरल्या भावाचा फोन त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन ठेवला होता. मग तो फिरत्या खुर्चीवर बसून राहिला आणि रोवलेले पाय त्यानं नकळत उचलले, तशी खुर्ची हळूच खिडकीकडं वळली. बाहेर कडुलिंबात एक फाटका पतंग अडकला होता. कस्तुरीनं निहारचं नाव टाइप केलं. तिला निहारचा राग नव्हता. तो बिचारा चांगला पोरगा होता, भट्टीच्या धुरानं त्याला खोकला यायचा.

निघताना ज्ञानोबा रोज दारातल्या पायपुसण्यावर दोन्ही तळवे घासूनपुसून झाडायचा. लॅबचा शिपाई हसायचा. सगळे आत येताना पाय पुसतात, हा बाहेर जाताना. पहिल्या दिवशी कस्तुरीला लाज वाटली होती. "पप्पा, इथं कुठलं सोनं आहे?" ज्ञानोबा ओशाळला, म्हणाला, "सवय." पण दुसऱ्या दिवशीही झाडलेच.

परीक्षेच्या दिवशी जयंतीनं लेकीच्या हातावर दही-साखर ठेवली. लॅबच्या दाराशी ज्ञानोबा चपलांच्या रांगेपाशी उभा राहिला. आत जायची परवानगी नव्हती. दार काचेचं होतं, त्यातून त्याला लेकीची वेणी दिसत होती.

परीक्षक उंच, थकलेले गृहस्थ होते. सकाळपासून त्यांनी बऱ्याच लायब्रऱ्या आणि मेडिकल दुकानं बघितली होती. कस्तुरीच्या पडद्यापाशी ते थांबले. "ये नाम कहाँ से लिए? बनाए हुए हैं?"

"नहीं सर. सच्चे हैं. फोन करके पूछा है."

त्यांनी खुर्ची ओढली. मदुराई टाकायला लावलं, माणसं आली. एक गाव टाकायला लावलं, शहरं आली. शाळा सातवीपर्यंत झालेले किती, ते विचारलं, तिनं ओळ लिहिली, उत्तर आलं. त्यांचा थकवा जरा उतरल्यासारखा वाटला. मग ते म्हणाले, "अब जयपुर दिखाओ."

कस्तुरीनं जयपूर लिहिलं. पडदा कोरा.

तिला वाटलं चुकीचं टाइप झालं. तिनं पुन्हा लिहिलं. कोराच. आणि मग तिला कळलं. देशभर फोन केले, पण जयपूरला कोण करणार? घरच्या माणसाला फोन कोणी केलाच नव्हता. पहिल्या वेळीही नव्हता आणि आताही नव्हता. तिचे कान बापासारखेच लाल झाले.

"सर, मेरे पापा रह गए," ती म्हणाली.

शेखावत मॅडम भिंतीपाशी उभ्या होत्या. त्या परीक्षकांच्या कानाशी काहीतरी बोलल्या आणि त्यांनी काचेबाहेर बोट दाखवलं. परीक्षकांनी मफलरवाल्या माणसाकडं बघितलं. "अच्छा है. नई एंट्री डालना भी तो देखना है. बुलाओ उनको. अभी पूछो, मेरे सामने."

ज्ञानोबाला आत बोलावलं तेव्हा त्याला वाटलं, पुन्हा काहीतरी फुटलं. तो आला आणि लेकीच्या खुर्चीमागं हात बांधून उभा राहिला. पिवळी बोटं त्यानं काखेत लपवली.

"पप्पा, तुमची माहिती राहिली. सांगा," कस्तुरी म्हणाली. आवाज तिनं फोनवरच्या ज्ञानोबासारखा कोरडा ठेवला होता, नाहीतर तो फुटला असता. "नाव?"

"ज्ञानोबा."

"गाव?"

"तुला ठावं हाय की."

"सांगा ना. असंच विचारतात सगळ्यांना."

"लेंगरे."

"कोणी आणलं?"

"मुकुंददादानं. हात धरून. गाडीत मला झोप लागली तर त्यो जागा राहिला." एवढं बसणार नव्हतं. तिनं मुकुंददादा एवढंच लिहिलं.

"शाळा किती झाली?"

ज्ञानोबा थांबला. साऱ्या देशाला त्यानं हे बेधडक विचारलं होतं. आता त्या थंडगार खोलीत, इतक्या कॉम्प्युटरांपुढं, त्यानं बोटं काखेत आणखी आत सरकवली. परीक्षक समोरच्या भिंतीकडं बघायला लागले. चांगला माणूस होता.

"आटवी," ज्ञानोबा म्हणाला. "अर्धी."

कस्तुरीनं आठवी लिहिलं. अर्धी लिहिलं नाही. मग शेवटच्या रकान्यात कर्सरची खूण लुकलुकायला लागली आणि तिला विचारावंच लागलं.

"पुढं कोण बसणार?"

"त्येवडं सोड मोकळं."

"मोकळं चालत नाही, पप्पा."

"मग लिही, बघू."

"बघूपण चालत नाही," कस्तुरी हळू म्हणाली. "तुम्हीच सांगितलंय सगळ्यांना."

ज्ञानोबानं काखेतले हात काढले. एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला. खुर्ची फिरायला लागली, तशी त्यानं ती धरली. मुकुंदानं त्याला हात धरून आणलं होतं, हे खरं होतं. त्याचं ऋण होतं आणि राहणार होतं. पण आता लाल झालेल्या लेकीच्या कानाच्या पाळ्या त्याला वरून दिसत होत्या आणि त्या थेट त्याच्या होत्या.

"लिही," तो म्हणाला. "कुनी न्हाई. कस्तुरी कॉम्प्युटर शिकनार."

तिनं लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर दाबून, जसा काही तिला त्याचा अर्थ आताच कळत होता. शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर लाल ओळ आली.

"काय झालं?" ज्ञानोबा घाबरला.

"मोठं झालं. एवढं बसत नाही."

शेखावत मॅडमना मराठी येत नव्हती, तरी त्या पुढं झाल्या. ज्ञानोबानं पडद्याकडं बघितलं. इंग्रजी अक्षरं त्याला लावून लावून वाचता यायची. त्यानं ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"मग पयलं काढ," तो म्हणाला. "दुसरं ठेव."

कस्तुरीनं 'कोणी नाही' खोडलं. पुन्हा बटण दाबलं. या वेळी मशीन काही बोललं नाही. तिनं जयपूर टाकलं आणि पडद्यावर एकच ओळ आली, पूर्ण.

परीक्षकांनी विचारलं, "आखिरी में क्या लिखा है?" कस्तुरीला सांगता येईना. तेव्हा ज्ञानोबानंच भट्टीवरच्या हिंदीत सांगितलं, मोठ्यानं, कोइमतूरला ऐकू जाईल असं. "लिखा है, मेरी लड़की आगे कंप्यूटर पढ़ेगी."

परीक्षकांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. ज्ञानोबानं ते वाचायचा प्रयत्न केला नाही.

थोड्या वेळानं कस्तुरी बाहेर आली. तो चपला घालत होता. तिनं दारातल्या पायपुसण्याकडं बघितलं, बूट हातात घेतले, आणि शिपाई बघत असताना दोन्ही तळवे त्यावर चांगले घासून झाडले.